शिसपेन्सिल आणि शास्त्रज्ञ कृष्णन

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही रोज शिसपेन्सिल वापरता. नावात शिसे असले तरी तिच्यात शिसे मुळीच नसते. लाकडाच्या आत जी काळी कांडी असते, ती ग्राफाइट आणि चिकणमाती यांच्या मिश्रणाची बनवलेली असते. ग्राफाइट हे कार्बनचे एक रूप आहे. लखलखणारा हिरादेखील कार्बनचाच असतो. हिऱ्याला राजांच्या मुकुटात जागा मिळाली आणि ग्राफाइट मुलांच्या दप्तरात राहिले. पण या काळ्या, मऊ पदार्थाच्या पोटात निसर्गाने एक मोठे कोडे दडवून ठेवले होते. लोहचुंबकाजवळ नेले की ग्राफाइट चमत्कारिक रीतीने वागते. हे वागणे अतिशय बारकाईने मोजणारे एक शास्त्रज्ञ आपल्या भारतात होऊन गेले. त्यांचे नाव सर कारियामाणिक्कम श्रीनिवास कृष्णन. जग त्यांना के. एस. कृष्णन या नावाने ओळखते. या पाठात आपण त्यांच्या जीवनाची आणि कार्याची ओळख करून घेऊ या.

कृष्णन यांचा जन्म ४ डिसेंबर १८९८ रोजी वत्रप या गावी झाला. हे गाव आजच्या तमिळनाडू राज्यात पश्चिम घाटाच्या पायथ्याशी आहे. त्यांचे वडील शेती करत. शेती करत असले तरी ते विद्वान होते. तमिळ आणि संस्कृत साहित्याची त्यांना उत्तम जाण होती. त्यामुळे लहान कृष्णनच्या कानांवर बालपणापासून चांगली भाषा पडत गेली. भाषेची ही गोडी त्यांना जन्मभर पुरली. पुढे ते मोठे शास्त्रज्ञ झाले, इंग्रजीत त्यांचे निबंध जगभर वाचले जाऊ लागले, तरी आपली मातृभाषा त्यांनी सोडली नाही. विज्ञानातील गोष्टी त्यांनी तमिळ भाषेतही लिहिल्या.

कृष्णन यांचे शालेय शिक्षण जवळच्या श्रीविल्लिपुत्तूर येथे झाले. नंतर ते मदुराईच्या अमेरिकन कॉलेजात आणि तेथून मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकले. पदवी मिळाल्यावर त्याच कॉलेजात त्यांना रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. विद्यार्थ्यांना प्रयोग करून दाखवणे हे त्यांचे काम होते. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ते विद्यार्थ्यांबरोबर बसत. विद्यार्थ्यांनी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा गणित यांतील कोणताही प्रश्न विचारावा आणि कृष्णन यांनी तो सोपा करून सांगावा, अशी ही बैठक असे. हळूहळू तिची कीर्ती पसरली. दुसऱ्या कॉलेजांतील विद्यार्थीही तेथे येऊन बसू लागले. कृष्णन यांच्याजवळ त्या वेळी मोठे पद नव्हते. परंतु समजलेली गोष्ट दुसऱ्याला समजावून देण्याची हौस होती. खरा शिक्षक असाच असतो.

त्या काळी कलकत्ता हे भारतातील विज्ञानाचे मोठे केंद्र होते. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली तेथे एक संस्था स्थापन केली होती. भारतीयांनी स्वतः विज्ञानाचे संशोधन करावे, हा तिचा हेतू होता. चंद्रशेखर व्यंकट रामन हे थोर शास्त्रज्ञ त्या संस्थेत संशोधन करत होते. त्यांच्या हाताखाली शिकावे, अशी कृष्णन यांची फार इच्छा होती. १९२० साली ते कलकत्त्याला गेले. विद्यापीठात पुढचे शिक्षण घेतल्यावर १९२३ साली रामन यांनी त्यांना आपला संशोधन-सहायक म्हणून घेतले.

रामन त्या वेळी प्रकाशाचा अभ्यास करत होते. प्रकाशाचा किरण द्रवातून जाताना त्याचा थोडासा भाग इकडेतिकडे विखुरतो. या विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगापेक्षा वेगळा, अत्यंत मंद असा प्रकाश मिसळलेला असतो, असा संशय त्यांना आला होता. १९२८ सालच्या जानेवारी-फेब्रुवारीत रामन आणि कृष्णन यांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. कृष्णन अंधाऱ्या खोलीत बसून एकामागून एक द्रव तपासत. सूर्याचा प्रकाश दुर्बिणीच्या भिंगाने एकवटून द्रवावर सोडला जाई. डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका मंद प्रकाश ते तासन् तास न्याहाळत. सुमारे साठ द्रव त्यांनी तपासले. आपली निरीक्षणे ते रोजनिशीत लिहून ठेवत. अखेर २८ फेब्रुवारी १९२८ रोजी शोध पक्का झाला. नेचर या प्रसिद्ध नियतकालिकात याविषयीचे पहिले पत्र मार्च १९२८ मध्ये छापून आले, तेव्हा त्यावर रामन आणि कृष्णन अशी दोघांची नावे होती.

हा शोध पुढे रामन परिणाम या नावाने प्रसिद्ध झाला. १९३० सालचे नोबेल पारितोषिक रामन यांना मिळाले. विज्ञानातील नोबेल मिळवणारे ते पहिले भारतीय. साऱ्या देशाला आनंद झाला. २८ फेब्रुवारी हा दिवस १९८७ पासून आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. संशोधनाची दिशा रामन यांची होती, अनेक वर्षांची तपश्चर्याही त्यांची होती. परंतु त्या अंधाऱ्या खोलीत डोळे शिणवणाऱ्या कृष्णन यांचे नाव बहुतेकांच्या लक्षात राहिले नाही. अशा वेळी एखादा माणूस नाराज झाला असता, रुसून बसला असता. कृष्णन यांनी वाद घातला नाही. त्यांनी आपल्यासाठी नवे शेत निवडले आणि ते नांगरायला सुरुवात केली.

डिसेंबर १९२८ मध्ये कृष्णन ढाका विद्यापीठात अध्यापक म्हणून गेले. ढाका आज बांगलादेशाची राजधानी आहे. हे विद्यापीठ त्या वेळी अगदी नवे होते. १९२१ साली ते सुरू झाले होते. गणित आणि भौतिकशास्त्रातील थोर विद्वान सत्येंद्रनाथ बोस तेथेच शिकवत होते. ढाक्याला कृष्णन यांनी स्फटिकांचा चुंबकीय अभ्यास सुरू केला.

हा अभ्यास समजण्यासाठी एक गोष्ट लक्षात घ्या. लोखंडाला चुंबक ओढून घेतो, हे सर्वांना माहीत आहे. पण पाणी, मीठ, साखर, ग्राफाइट असे पुष्कळसे पदार्थ चुंबकापासून किंचित दूर ढकलले जातात. हा धक्का इतका हलका असतो की एरवी तो आपल्याला जाणवतही नाही. अशा पदार्थांना प्रतिचुंबकी पदार्थ म्हणतात. कृष्णन यांनी प्रश्न विचारला : स्फटिकाला हा धक्का सगळ्या दिशांनी सारखाच बसतो की एका दिशेने कमी आणि दुसऱ्या दिशेने जास्त?

प्रश्न साधा होता, पण उत्तर काढणे कठीण होते. त्यासाठी कृष्णन आणि त्यांचे सहकारी एस. बॅनर्जी यांनी एक सुरेख युक्ती योजली. क्वार्ट्‌झ नावाच्या खनिजाचा, केसाहून बारीक असा धागा घ्यायचा. त्याच्या टोकाला लहानसा स्फटिक टांगायचा आणि तो चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये लोंबकळत ठेवायचा. चुंबकाच्या प्रभावामुळे स्फटिक आपली आवडती दिशा धरून उभा राहतो. आता धाग्याचे वरचे टोक सावकाश पिळत जायचे. धाग्याला पीळ बसतो, पण स्फटिक आपली दिशा सहजासहजी सोडत नाही. पीळ वाढत वाढत एका ठरावीक कोनापर्यंत गेला की स्फटिकाचा निश्चय मोडतो आणि तो एकदम गर्रकन फिरतो. तो कोन नोंदवला की दोन दिशांमधील चुंबकीय फरक किती, हे गणिताने काढता येते. एक धागा, एक स्फटिक, एक चुंबक आणि भरपूर धीर, एवढ्या भांडवलावर हे काम झाले.

या रीतीने कृष्णन यांनी अनेक पदार्थ तपासले. कपड्यांत कसर लागू नये म्हणून आपण डांबराच्या गोळ्या ठेवतो. त्या पूर्वीपासून नॅप्थलीन नावाच्या पदार्थाच्या बनवत आले आहेत. नॅप्थलीनच्या रेणूत कार्बनचे अणू षट्‌कोनी कड्यांमध्ये जोडलेले असतात. कृष्णन यांना असे दिसले की अशा कड्याच्या पातळीला काटकोनात चुंबकाचा प्रभाव फार मोठा असतो, आणि कड्याच्या पातळीत तो लहान असतो. यावरून उलटा विचार करता येतो. स्फटिक चुंबकात कसा फिरतो ते पाहिले, तर त्याच्या आत रेणू कोणत्या बाजूला झुकून बसले आहेत हे न फोडता सांगता येते. या संशोधनाचा मोठा निबंध १९३३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. पुढे १९३६ साली इंग्लंडमधील प्रसिद्ध स्फटिकशास्त्रज्ञ कॅथलीन लॉन्सडेल यांच्याबरोबरही त्यांनी याच विषयावर निबंध लिहिला.

१९३३ साली कृष्णन कलकत्त्याला परत आले. ज्या संस्थेत ते सहायक होते, त्याच संस्थेत आता ते महेंद्रलाल सरकार प्राध्यापक झाले. येथेच त्यांनी ग्राफाइट हातात घेतले. त्याचे कारण उघड होते. नॅप्थलीनमध्ये षट्‌कोनी कडी दोनच असतात. ग्राफाइटमध्ये मात्र लक्षावधी कडी एकमेकांना जोडून पसरलेली असतात. मधमाशीच्या पोळ्यासारखा एक सपाट थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, अशी त्याची रचना असते. एका थरातील अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. पण दोन थरांमधली पकड सैल असते. म्हणून तर पेन्सिल कागदावर घासली की ग्राफाइटचे पापुद्रे सुटून कागदाला चिकटतात आणि अक्षर उमटते. दोन कड्यांच्या रेणूत चुंबकाचा प्रभाव एवढा दिसतो, तर कड्यांच्या एवढ्या विशाल थरात तो किती दिसेल, हे पाहण्याची कृष्णन यांना उत्सुकता होती.

उत्तर थक्क करणारे निघाले. चुंबकीय क्षेत्र थरांच्या पातळीत असले तर ग्राफाइट जवळजवळ हिऱ्यासारखेच वागते. त्याला अगदी हलका धक्का बसतो. पण क्षेत्र थरांना काटकोनात असले तर तोच धक्का चाळीसपटींहून अधिक होतो. पदार्थ एकच, चुंबक एकच, फक्त बाजू बदलली की एवढा फरक. १९३४ साली कृष्णन यांनी हे निष्कर्ष नेचरमध्ये प्रसिद्ध केले. नंतर एन. गांगुली या सहकाऱ्याबरोबर त्यांनी ग्राफाइटमधून वीज कशी वाहते हेही मोजले. तेथेही तसाच प्रकार दिसला. थरांच्या पातळीत वीज धातूत वाहावी तशी सहज वाहते. एका थरातून दुसऱ्या थरात जाताना मात्र तिला हजारो पटींनी अधिक अडथळा होतो.

असे का व्हावे? याचे उत्तर इलेक्ट्रॉनमध्ये आहे. कार्बनच्या प्रत्येक अणूच्या बाहेरच्या कवचात चार इलेक्ट्रॉन असतात. ग्राफाइटमध्ये त्यांतील तीन इलेक्ट्रॉन शेजारच्या तीन अणूंशी हातमिळवणी करण्यात गुंतलेले असतात. चौथा मोकळा असतो. तो आपल्या थरात दूरवर भटकू शकतो. चुंबकीय क्षेत्रात सापडलेला इलेक्ट्रॉन सरळ न जाता वळतो आणि गोल फिरू लागतो. क्षेत्र थराला काटकोनात असेल तर त्याला फिरायला सगळा थर मोकळा असतो. क्षेत्र थराच्या पातळीत असेल तर गोल फिरण्यासाठी त्याला एका थरातून दुसऱ्या थरात उड्या माराव्या लागतात, आणि ते त्याला अवघड जाते.

जुन्या भौतिकशास्त्राच्या नियमांनी हिशेब केला तर मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या अशा फिरण्याने एकूण चुंबकीय परिणाम शून्य यायला हवा. परंतु १९३० साली लेव्ह लांडाऊ या तरुण रशियन शास्त्रज्ञाने नव्या क्वांटम सिद्धान्ताच्या साहाय्याने दाखवून दिले की तो शून्य येत नाही. क्वांटम सिद्धान्त सांगतो की फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनाला हवी तेवढी ऊर्जा घेता येत नाही. जिन्यावर उभे राहायचे तर पहिल्या पायरीवर किंवा दुसऱ्या पायरीवर उभे राहावे लागते. दोहोंच्या मध्ये अधांतरी उभे राहता येत नाही. इलेक्ट्रॉनचेही तसेच आहे. या पायऱ्यांमुळेच मोकळे इलेक्ट्रॉन चुंबकाला विरोध करतात.

गांगुली आणि कृष्णन यांनी ग्राफाइटचा स्फटिक अतिशय थंड करून पाहिला आणि नंतर सुमारे १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवूनही पाहिला. उष्णता वाढत गेली तसा थरांना काटकोनात बसणारा धक्का कमी होत गेला. थरांच्या पातळीतल्या धक्क्यात मात्र विशेष फरक पडला नाही. यावरून हा मोठा धक्का मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळेच बसतो, असे त्यांनी अनुमान काढले. लांडाऊ यांचे सूत्र लावून त्यांनी त्याचे गणितही मांडले. प्रत्येक कार्बन अणू एक मोकळा इलेक्ट्रॉन देतो आणि हे इलेक्ट्रॉन थरांमध्ये वायूसारखे पसरलेले असतात, असे त्यांनी सुचवले. हा निबंध १९४१ साली रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला.

विद्यार्थी मित्रांनो, येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात ठेवा. कृष्णन यांचे हे स्पष्टीकरण पुढे जसेच्या तसे टिकले नाही. १९४७ साली पी. आर. वॉलेस यांनी ग्राफाइटमधील इलेक्ट्रॉनांचे नवे गणित मांडले. वीज वाहून नेणारे खरे मोकळे इलेक्ट्रॉन फारच थोडे असतात, असे नंतर सिद्ध झाले. दहा हजार अणूंमागे एकसुद्धा भरत नाही, इतके थोडे! १९५६ साली जे. डब्ल्यू. मॅक्क्लूर यांनी ग्राफाइटच्या या मोठ्या चुंबकीय विरोधाचे अधिक अचूक स्पष्टीकरण दिले. पण आपले गणित बरोबर आहे की नाही हे मॅक्क्लूर यांनी कशावर पडताळले? गांगुली आणि कृष्णन यांनी नोंदवलेल्या आकड्यांवर. स्पष्टीकरण बदलले, पण मोजमाप टिकले. जे दिसले ते जसेच्या तसे, काळजीपूर्वक लिहून ठेवले, म्हणून ते इतरांच्या उपयोगी पडले. प्रामाणिक मोजमाप हे विहिरीसारखे असते. खोदणारा एक असतो, पण पाणी अनेकांना मिळते.

कृष्णन यांची कीर्ती आता परदेशांत पोहोचली होती. १९३७ साली त्यांनी केंब्रिजच्या प्रसिद्ध कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत व्याख्यान दिले. १९४० साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. १९४२ साली ते अलाहाबाद विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून गेले. १९४६ साली त्यांना सर हा किताब मिळाला.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. नव्या देशाला स्वतःच्या प्रयोगशाळा हव्या होत्या. दिल्लीत राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा उभारण्याचे काम सुरू झाले. तिचा पायाचा दगड ४ जानेवारी १९४७ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांनी बसवला होता. या प्रयोगशाळेचे पहिले संचालक म्हणून कृष्णन यांची नेमणूक झाली. २१ जानेवारी १९५० रोजी सरदार वल्लभभाई पटेल यांच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले.

ही प्रयोगशाळा देशाच्या वजनमापांची राखणदार आहे. त्या काळी आपल्याकडे शेर, मण, तोळा अशी वजने चालत. एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराशी जुळेलच असा भरवसा नसे. गरीब गिऱ्हाईक त्यात नाडले जाई. १९५६ साली कायदा झाला आणि किलोग्रॅम व मीटर यांची दशमान पद्धत देशात टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. देशाचा प्रमाण किलोग्रॅम, म्हणजे प्लॅटिनम आणि इरिडियम या धातूंचा ५७ क्रमांकाचा ठोकळा, याच प्रयोगशाळेत ठेवला गेला. २०१९ साली किलोग्रॅमची व्याख्या जगभर बदलली आणि ती निसर्गातील एका अचल संख्येवरून ठरवली जाऊ लागली. तोपर्यंत देशातल्या किलोग्रॅमच्या वजनांचे मूळ त्या ठोकळ्यात होते. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात मोजमापात खोट येऊ दिली नाही, त्याच्याच हाती देशाच्या मोजमापाचे घर उभारण्याचे काम आले, हे किती योग्य झाले!

१९४८ साली देशाचा अणुशक्ती आयोग स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष मुंबईचे डॉ. होमी भाभा होते. शांतिस्वरूप भटनागर आणि कृष्णन हे दोघे त्याचे सदस्य होते. एवढ्या जबाबदाऱ्या अंगावर असूनही कृष्णन यांनी संशोधन सोडले नाही. दिल्लीतही ग्राफाइट त्यांच्यासोबत होतेच. तापलेल्या ग्राफाइटमधून इलेक्ट्रॉन बाहेर कसे पडतात, यावर त्यांनी आणि एस. सी. जैन यांनी १९५२ साली निबंध प्रसिद्ध केला.

प्रयोगशाळेत अतिशीत तापमानाचा विभागही त्यांनी सुरू केला. या विभागाला सल्ला देण्यासाठी केंब्रिजचे डेव्हिड शोएनबर्ग १९५३ च्या सुमारास दिल्लीला आले. शोएनबर्ग यांनीही ग्राफाइटवर काम केले होते. लांडाऊ यांच्या पायऱ्यांचा परिणाम प्रत्यक्ष दिसावा यासाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे प्रबळ चुंबकीय क्षेत्र, कारण क्षेत्र वाढले की पायऱ्या उंच होतात. दुसरी म्हणजे कडाक्याची थंडी, कारण उष्णतेच्या हालचालीने पायऱ्या पुसट होतात. द्रवरूप हेलियमच्या थंडीत शोएनबर्ग यांना दिसले की क्षेत्र वाढवत नेले असता ग्राफाइटचे चुंबकत्व लाटेसारखे वरखाली होते. प्रत्येक लाट म्हणजे एकेक पायरी रिकामी झाल्याची खूण. कृष्णन यांनी ज्या इलेक्ट्रॉनांची चाहूल घेतली होती, त्यांची पावले आता मोजता येऊ लागली.

१९५४ साली भारत सरकारने कृष्णन यांना पद्मभूषण देऊन गौरवले. शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक सुरू झाले तेव्हा त्याचे पहिले मानकरीही तेच ठरले. जून १९६१ मध्ये दिल्ली येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ६२ वर्षांचे होते. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसमोरच्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे.

कृष्णन गेले, पण ग्राफाइटची कहाणी थांबली नाही. चुंबकीय क्षेत्र टेस्ला या एककात मोजतात. एक टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे वीस हजारपट. थंड ग्राफाइटला सात-आठ टेस्लाच्या क्षेत्रात ठेवले की त्यातले सगळे मोकळे इलेक्ट्रॉन अगदी खालच्या पायऱ्यांवर येऊन दाटीवाटीने बसतात. बहुतेक धातूंमध्ये असे घडवून आणायचे तर हजारो टेस्लांचे क्षेत्र लागेल. ग्राफाइटमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन थोडे आणि चपळ असल्यामुळे ते प्रयोगशाळेत करता येते. १९८१ साली जपानी शास्त्रज्ञांनी क्षेत्र आणखी वाढवले. वीस टेस्लांच्या वर गेल्यावर अतिशीत ग्राफाइटचा विद्युत-रोध एकाएकी वाढला. स्वैर फिरणारे इलेक्ट्रॉन तेथे सैनिकांप्रमाणे ठरावीक अंतरावर रांगा धरतात, असे त्याचे कारण सांगितले जाते. यावर आजही संशोधन चालू आहे.

२००४ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे आंद्रे गाइम आणि कोन्स्तांतिन नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ग्राफाइटचे पापुद्रे सोलत सोलत एकच अणू जाडीचा थर वेगळा केला. त्याला ग्राफीन म्हणतात. पुढच्याच वर्षी प्रबळ चुंबकीय क्षेत्रात या थरातल्या इलेक्ट्रॉनांच्या पायऱ्या अगदी स्पष्ट दिसल्या. त्यांची उंची वॉलेस यांच्या गणितातून निघते तशीच होती. या संशोधनाला २०१० साली नोबेल पारितोषिक मिळाले. ग्राफाइटचा प्रत्येक थर म्हणजे इलेक्ट्रॉनांचे एक वेगळे अंगण आहे, ही गोष्ट कलकत्त्यातील मोजमापांनी कितीतरी वर्षे आधी सुचवली होती.

विद्यार्थी मित्रांनो, कृष्णन यांच्या जीवनापासून आपण काय शिकावे? नोबेल पारितोषिकाच्या यादीत त्यांचे नाव नाही. त्यांचे सर्वांत मोठे संशोधन ज्या पदार्थावर झाले तो पदार्थही हिऱ्यासारखा मौल्यवान नव्हता. त्यांच्याजवळ फार मोठी यंत्रे नव्हती. तरीही त्यांच्या मेहनतीचे चीज झाले. नाव कोणाचे पुढे आणि कोणाचे मागे याची चिंता न करता त्यांनी समोर आलेला प्रश्न नीट विचारला, धीर धरून मोजला आणि मिळालेले उत्तर प्रामाणिकपणे लिहून ठेवले. तुम्हीही प्रयोगवहीत आकडे लिहिता. कधी कधी उत्तर पुस्तकातल्याप्रमाणे यावे म्हणून आकडा थोडासा बदलण्याचा मोह होतो. तो मोह टाळा. आज जो आकडा तुम्हाला चुकीचा वाटतो, त्यातच उद्याचे नवे ज्ञान दडलेले असू शकते. खरा आकडा लिहिणाऱ्याला कदाचित लगेच शाबासकी मिळणार नाही. पण त्याचे काम कधी वाया जाणार नाही.